आक्कांची गंजी, तात्यांची डिश

डिश कुठे बसवायची यावरून तात्यांच्या अंगणात सकाळपासून असा काही कालवा चालला होता, की शेवटी मी मशीन थांबवलं. मी गल्लीत कपडे शिवते. माझं मशीन ओसरीवर असतं. समोर तात्यांचं अंगण, अंगणाला लागून कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे आक्कांचा गोठा. त्यामुळे दोन्ही घरांत काय चाललंय ते मला न विचारता कळतं. लोक मला चोंबडी म्हणतात. देवानं डोळे दिले आणि घरमालकानं ओसरी दिली, त्याला मी काय करणार?

भांडण साधं होतं. शहरातून डिशवाला मोटरसायकलवर डिश, एक डबा आणि वायरचं भेंडोळं घेऊन आला होता. डिश छपरावर बसवू, असं त्याचं म्हणणं. तात्या म्हणत होते, छपराला हात लावायचा नाही. त्याच वर्षी त्यांनी नवे पत्रे घातले होते. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मान वर करून ते पत्रे बघावे लागायचे. त्या पत्र्यांना कोणी भोकं पाडणार म्हटल्यावर तात्यांचा पारा चढणारच.

"तात्या, चार तर बोल्ट मारायचेत," डिशवाला काकुळतीला आला.

"मग तुझ्या घरावर मार."

सूनबाई उंबऱ्यात उभी होती. खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. आमचं गाव डोंगरांच्या मधे खोलगट जागी वसलंय. फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीपर्यंत चढ चढून जावं लागतं. इंटरनेटची वायर येणार, येणार, असं ऐकता ऐकता माझे केस पिकले. या सूनबाईला लांबच्या लांब आपापल्या घरी बसलेल्या मुलांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवायचं काम लागलं होतं. काम चांगलं होतं आणि तिला जीवापाड आवडायचं, पण नेट नाही तर काम नाही. तिचा नवरा, म्हणजे तात्यांचा मुलगा, टेम्पो चालवतो. शहरात त्यानं एक खोलीही बघून ठेवली होती. घरी नेट आलं तर इथं राहू, नाही आलं तर खोली घेऊ, असं दोघांनी जेवताना सरळ सांगून टाकलं होतं.

 दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःच टाकीपर्यंत चढून गेले आणि डिशवाल्याला फोन करून आले. गल्लीत सांगताना म्हणाले, टीव्हीचं चित्र जरा हलतं, म्हणून नवी डिश घेतोय. आम्ही माना डोलावल्या.

शेवटी अंगणाच्या कोपऱ्यात लोखंडी पाइप रोवून त्यावर डिश बसवायचं ठरलं. टीव्हीही त्याच डिशवर आणि इंटरनेटही. डिशवाल्यानं हातातलं यंत्र बघत बघत डिश मावळतीकडे तिरकी वळवली. तिचं तोंड भिंतीवरून आक्कांच्या अंगणाकडे झालं. तेव्हा ते अंगण मोकळं होतं. गेल्या वर्षीची वैरण शेवटच्या पेंढीपर्यंत म्हशींच्या पोटात गेली होती.

"समोर पुढेमागे काही बांधकाम होणार आहे का?" डिशवाल्यानं विचारलं. "डिशला आभाळ मोकळं दिसलं पाहिजे. मधे काही आलं की संपलं."

आक्का शेणाचे हात धुत होत्या. "मला कुठं बंगला बांधायचाय," त्या म्हणाल्या. तात्या नाही म्हणाले, मुलगा नाही म्हणाला. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी ओसरीवरून मीही नाही म्हणाले.

आणि नेट आलं. सूनबाई मधल्या खोलीत दार लोटून बसायची आणि आतून तिचा आवाज यायचा, सात आणि पाच किती? मग थोडा वेळ शांतता, आणि मग कुठल्या तरी पोराचा आवाज, बारा. ही मधली शांतता तात्यांना खटकायची. एवढ्याशा हिशेबाला इतका वेळ? त्यांचं मत झालं, की सुनेच्या वाट्याला सगळी मठ्ठ पोरं आली आहेत. मग एकदा सुनेनं समजावलं, की पोरं हुशार आहेत, पण तिचा आवाज आभाळात जाऊन खाली त्यांच्याकडे जातो, आणि त्यांचा तसाच परत येतो, म्हणून उशीर लागतो. हे ऐकल्यापासून तात्या बदलले. बाजारात, पिठाच्या गिरणीत, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड गुंडाळून बसल्या बसल्यासुद्धा ते सांगू लागले, "आमच्या सुनेचा आवाज आभाळात जाऊन येतो."

आता तात्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते गंजी रचतात. पेंढ्या एकावर एक टाकल्या की गंजी झाली असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा रचून बघावी आणि पहिल्या पावसानंतर आत हात घालून बघावा. कुजलेल्या वैरणीचा वास महिनाभर हाताचा जात नाही. तात्यांच्या गंजीत पाण्याचा थेंब शिरत नाही. खाली दगडांची बैठक, त्यावर पेंढ्यांचे थर, प्रत्येक थर बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, आणि वर उतरतं टोकदार डोकं. ते डोकं नीट बसलं की मग आभाळ फाटलं तरी चिंता नाही. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं येतं. मानानं नेतात आणि मानानं आणून सोडतात. आक्कांची गंजी तर आक्का लग्न होऊन आल्यापासून तेच रचतात. त्या वेळी तात्या मिसरूड न फुटलेले होते, हे आक्का अजून चारचौघांत काढतात.

त्या वर्षी आक्कांचं पीक असं आलं, की वैरण ठेवायला नेहमीची जागा पुरेना. तात्या वर चढले आणि त्यांना चेव आला. खालून माणसं पेंढ्या फेकत होती, वर तात्या झेलून रचत होते, आणि गंजी वाढत वाढत तात्यांच्या घराच्या वर गेली. बघायला पलीकडच्या गल्लीतली माणसं आली. तात्या शिडीनं उतरले तेव्हा त्यांच्या केसांत, मिशांत, कानांत काड्या होत्या आणि चेहऱ्यावर नवरदेवासारखं हसू होतं.

त्याच संध्याकाळी सूनबाईचा क्लास मधेच तुटला. टीव्हीही गेला.

मग सुरू झाला तपास. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सांगितलं की डिशवर कावळा बसतो, त्यानं काहीतरी केलं असणार. काकूंनी डिश भांड्यासारखी घासून लख्ख केली. काही झालं नाही. मग तात्यांना काकूंचं धुणं दिसलं. वाळत घालायची दोरी त्या पाइपलाच बांधलेली होती. दोरी सुटली, धुणं माझ्या ओसरीवर आलं, नेट आलं नाही. मुलानं नेटचा डबा बंद करून चालू केला, चालू करून बंद केला. तात्यांना वेगळीच शंका होती. सून रोज एवढा वेळ शिकवते, तेव्हा तिनं नेट सगळं वापरून संपवलं असणार आणि त्यात टीव्हीचाही वाटा गेला. ही शंका त्यांनी सुनेसमोर नाही, माझ्यासमोर बोलून दाखवली, एवढी अक्कल त्यांना होती.

मुलगा टाकीवर जाऊन डिशवाल्याशी बोलला. डिशवाला म्हणाला, समोर काही नवीन आलंय का? मुलगा म्हणाला, काही नाही. खोटं बोलला नाही बिचारा. घर नाही, भिंत नाही, खांब नाही. गंजी दरवर्षी येते आणि दरवर्षी जाते, तिला नवीन कोण म्हणेल? डिशवाल्यानं बजावलं, की पाइपला हात लावू नका, डिश केसभर हलली तर मलाही शोधत बसावं लागेल. पुढच्या आठवड्यात येतो.

पण पुढचा आठवडा उशिराचा होता. सूनबाईचे क्लास एकामागून एक बुडत होते. ती टाकीवर जाऊन तिच्या कामाच्या लोकांशी बोलून आली, ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. त्यांनी सांगितलं होतं, की सोमवारी सकाळी एक पूर्ण तास, एकदाही न तुटता, आमच्यासमोर शिकवून दाखवा. नाही जमलं तर मुलं दुसऱ्या बाईंकडे देऊ.

शनिवारी दुपारी ती मोठी प्रवासाची बॅग घेऊन माझ्याकडे आली. चेन तुटली होती.

"ताई, आज बसवून द्याल?"

मी बॅग बघितली, मग तिच्याकडे बघितलं. "डिशवाला येईलच की."

"डिशवाला येऊन काय करणार?" ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मी काल डिश पुसायला गेले होते. मागं वाकून बघितलं, ती कुठं बघते ते. गंजी दिसली. नुसती गंजी."

मी ओसरीवरून मान वळवली. उन्हं उतरत होती आणि आक्कांच्या गंजीची सावली भिंत ओलांडून बरोबर डिशवर पडली होती. रोज पडत होती. रोज मी बघत होते. माझ्या चोंबडेपणाचा मला पहिल्यांदाच राग आला, कारण तो नेमका हवा तिथं कामाला आला नव्हता.

"मग सांग ना तात्यांना."

"कसं सांगू? आयुष्यात एवढी मोठी पहिल्यांदा रचली म्हणतात. लोक बघायला येतात. रोज सकाळी दात घासताना तिच्याकडे बघत उभे असतात. मी जाऊन म्हणू, उतरवा?" तिचे डोळे भरून आले. "तुम्हीपण सांगू नका."

मी बरं म्हणाले. मनापासून म्हणाले. पण संध्याकाळी तात्या कावळा हाकलायच्या काठीला फडकं शिवून घ्यायला आले आणि माझ्या मांडीवर ती बॅग होती.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

त्यांना ती ओळखता येत होती. मुलाच्या लग्नात त्यांनीच घेतली होती. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं आणि आतून खरं तेच बाहेर पडलं. सगळं सांगून टाकलं. पोटात राहील अशी गोष्ट मला अजून कोणी सांगितलेली नाही.

तात्या फडकं तिथंच टाकून गेले. अंगणात जाऊन डिशच्या मागं उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि बघत राहिले. किती तरी वेळ उठलेच नाहीत. काकूंनी आतून हाक मारली, जेवायला या. तात्या उठले आणि भिंत ओलांडून सरळ आक्कांच्या दारात गेले. मीही चहाची साखर मागायला गेले. साखर घरात होती.

"आक्का, गंजी उतरवायची आहे," तात्या म्हणाले.

आक्का दुधाच्या कॅनची झाकणं लावत होत्या. "कुणाची?"

"तुझी. डिशच्या समोर येते."

आक्कांनी वर बघितलं. मावळतीला ढग जमायला लागले होते. "डोकं फिरलंय का तुझं? आभाळ बघ. डोकं उघडलं आणि पाऊस आला, तर वर्षाची वैरण कुजेल. म्हशींना काय घालू, तुझे पत्रे?"

"पत्र्यांचंच चुकलं. डिश वर बसवली असती तर ही वेळ नसती आली. माझाच हट्ट."

"मग तो हट्ट मी का फेडू?"

तात्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"पोरं जातील, आक्का. खोली बघून ठेवली आहे. बॅग शिवायला दिली आहे. मी आणि ही, दोघंच उरू. संध्याकाळी घरात कुणाचा आवाज येणार नाही. मला ते जमणार नाही."

आक्कांची दोन्ही मुलं कधीच शहरात गेली आहेत. वर्षातून एकदा येतात आणि म्हशींच्या वासानं नाक मुरडतात. आक्कांनी एका कॅनचं झाकण दोनदा लावलं.

"मला काय सांगतोस," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही का?" मग कॅन भिंतीशी सरकवला. "उद्या पहाटेच ये. पण अंधार पडायच्या आत डोकं परत बसलं पाहिजे. नाही बसलं तर माझ्या सगळ्या म्हशी तुझ्या अंगणात आणून बांधीन, आणि त्या काय खातील ते तू बघ."

रविवारी सकाळी निम्मी गल्ली आक्कांच्या अंगणात होती. सूनबाई बाहेर आली तर तात्या गंजीवर, हातात डोक्याची पहिली पेंढी. ती माझ्याकडे अशी काही बघायला लागली, की मी नजर चुकवून पेंढ्या उचलायला लागले.

ती शिडीपाशी गेली. "तात्या, कशाला? एवढी छान झाली होती."

"तू मला सांगायला हवं होतंस."

"लोक बघायला येत होते तुमची गंजी."

"लोक काय, बघून घरी जातात," तात्या म्हणाले आणि पेंढी खाली टाकली. "झेल."

आता किती उतरवायची हे कळायला उपाय हवा होता. तात्यांनीच तो काढला. काकूंना टीव्हीसमोर बसवलं. इथं एक थर निघाला, की मुलानं हाक मारायची, आणि चित्र आलं की काकूंनी आतून ओरडायचं. सोपं काम. काकूंना गुडघेदुखीमुळे पेंढ्या उचलता येत नव्हत्या, म्हणून हे मानाचं काम त्यांना मिळालं.

पहिला थर निघाला. "आलं का?" "नाही." दुसरा निघाला. "आलं का?" "नाही." मग आणखी एक निघाला. "आलं का?" आतून उत्तर नाही. तात्या म्हणाले, नसेल आलं, काढा आणखी. असं करत करत थर निघत गेले, घामाच्या धारा लागल्या, आकाशात ढग दाटत गेले, आणि गंजी उतरत उतरत तात्यांच्या छपराखाली आली, मग खिडकीपर्यंत आली. आक्कांचा चेहरा प्रत्येक थराला लांबत होता. तात्यांनी शिडी सोडून दिली, तिची गरजच उरली नव्हती.

"हे तुमचं नेट जमिनीतून येतं का रे?" आक्का म्हणाल्या.

मला तहान लागली म्हणून मी आत गेले. टीव्ही चालू होता. चित्र असं लख्ख, की बाईच्या साडीचा काठ मोजता यावा. काकू गालाला हात लावून, मान पुढं काढून बसल्या होत्या.

"काकू, टीव्ही लागलाय."

"कधीचा लागलाय. बस, बस. बघ, ही खोटी बहीण निघाली, आणि त्याला अजून माहीतच नाही."

"मग ओरडला का नाहीत?"

"जाहिरात लागली की सांगणारच होते," काकू म्हणाल्या, आणि डोळे पडद्यावरून हलवले नाहीत.

मी बाहेर येऊन सांगितलं.  तात्या त्या खिडकीएवढ्या गंजीवर उभे होते आणि त्यांच्या चारी बाजूंना, अंगणभर, भिंतीवर, माझ्या ओसरीपर्यंत पेंढ्याच पेंढ्या पसरल्या होत्या. मग आक्का खाली पेंढ्यांवर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. त्यांना बघून मुलगा हसला, सूनबाई हसली, आणि शेवटी तात्यांच्या मिशाही हलायला लागल्या. घरातून काकूंचा आवाज आला, "चित्र आलं बरं का." जाहिरात लागली असणार.

तेवढ्यात ढग गडगडला आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

त्यानंतर जे काम झालं ते मी विसरणार नाही. उंच रचायचं नव्हतं, म्हणून तात्यांनी लांब रचायला घेतली. आक्कांच्या अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नवी बैठक घातली, दगड कमी पडले तेव्हा मुलानं टेम्पोच्या फळ्या काढून दिल्या. सूनबाई पदर खोचून पेंढ्या वाहत होती. मी वाहत होते, आक्का शिव्या देत वाहत होत्या. वारा सुटला, धूळ डोळ्यांत गेली, तात्या गुडघ्यांवर सरकत सरकत डोकं बसवत गेले. शेवटच्या पेंढ्या दाबल्या आणि पावसाचे थेंब पडायला लागले. आम्ही सगळे चिंब झालो. तात्या पावसातच उभे राहून बघत होते, पाणी कुठून वाहतं ते. ते बाहेरून वाहत होतं. आक्कांनी गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघितला आणि हात बाहेर काढून नुसती मान हलवली. कोरडी होती.

पण गंजी दिसायला अगदीच बेढब झाली होती. पसरून रवंथ करत बसलेल्या म्हशीसारखी. एका टोकाला जाड, मधे खोलगट, डोकं कुठं उंच कुठं बसकं. घाईत याहून जास्त होणं शक्य नव्हतं. तात्यांनी आयुष्यात अशी गंजी रचली नव्हती.

सोमवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सूनबाई आत बसली आणि दार लोटलं. मी मशीन बंद ठेवलं. आक्कांनी म्हशींना लवकर पाजून गोठ्याच्या लांबच्या टोकाला नेलं, म्हणजे हंबरू नयेत. तात्या डिशशेजारी खुर्ची टाकून बसले आणि कावळा जवळ आला की हात हलवत होते. आतून सूनबाईचा आवाज येत होता. नऊ साते किती? मग ती छोटी शांतता. प्रत्येक शांततेला तात्यांचा श्वास अडकायचा आणि पोराचा आवाज आला की सुटायचा. एक तास म्हणजे केवढा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

दार उघडलं. सूनबाई बाहेर आली आणि तात्यांच्या पाया पडायला वाकली. तात्यांनी तिला मधेच उठवलं. "झालं ना? बरं झालं," ते म्हणाले, "टीव्हीपण आता नीट दिसेल." आणि डिशकडे तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. आम्हाला दिसलं नाही असं त्यांना वाटलं असेल. मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गावातला एक मोठा शेतकरी तात्यांचं नाव ऐकून आला. त्याला गंजी रचून हवी होती, उंच, लांबून दिसेल अशी. तात्या नळावर पाणी भरत होते, त्यांना तो ओळखत नव्हता. तो आक्कांच्या भिंतीपाशी थांबला आणि त्या बेढब गंजीकडे बघून हसला.

"ही कुणी रचली हो? पोरासोरांचं काम दिसतंय."

माझ्या जिभेवर सगळी हकीकत आली होती. मी ओसरीवरून उठलेसुद्धा. पण आतून सूनबाईचा क्लास ऐकू येत होता, आणि तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत खाली बसले.

"मी रचली," तात्या म्हणाले.

"तुम्हीच का ते तात्या? मी तर तुमचं फार ऐकलं होतं." तो माणूस ओशाळला. "उंच नाही येत का तुम्हाला?"

"एवढीच येते," तात्या म्हणाले. "याहून उंच मला जमत नाही."

तो माणूस बराय म्हणाला आणि दुसरं कोणी मिळतं का ते बघायला गेला. तात्यांनी पाण्याची कळशी खांद्यावर घेतली, दाराशी चपला काढल्या आणि क्लास चालू होता म्हणून पायांचा आवाज न करता आत गेले.